फिरत्या घराला जनरेटर केवढा?

सुट्टी म्हटली की पूर्वी मामाचे गाव, फार तर पंढरपूर नाहीतर महाबळेश्वर, एवढीच आपल्या मध्यमवर्गीय कुटुंबाची धाव असे. आता मात्र जीपमागे चाकांवरचे घर जोडावे आणि मन मानेल तिथे चार दिवस मुक्काम करावा, ही हौस आपल्याकडेही रुजू लागली आहे. महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणच जाहीर केले. ट्रेलर केवढा असावा, आत किती माणसे झोपतील, ओटा कुठे आणि न्हाणी कुठे, याचा खल मंडळी रात्र रात्र जागून करतात. विजेचा विषय निघाला की मात्र सारे एकमेकांच्या तोंडाकडे पाहू लागतात, आणि शेवटी कोणीतरी म्हणते, "एक मोठासा जनरेटर घेऊन टाकू म्हणजे झाले!"

हा 'मोठासा' शब्द फार महागात पडतो. कधी तो खिशाला भारी पडतो, कधी शेजाऱ्यांच्या झोपेला आणि एखाद्या वेळी जिवालाही. त्याच्या जागी नेमका आकडा कसा बसवावा, तेवढेच मला या लेखात सांगावयाचे आहे. खामगावात जळालेल्या मोटरींचे वाइंडिंग भरून देण्याचा उद्योग मी गेली तीस वर्षे करीत आहे. विजेच्या बाबतीत माणसे कुठे फसतात, हे त्या जळक्या तारांकडून मला पुष्कळ शिकावयास मिळाले.

ट्रेलर आम्हाला नवा नाही

तसे पाहिले तर आमच्या बुलढाणा जिल्ह्याला ट्रेलर मुळीच नवा नाही. होळीच्या सुमारास पिंपळगाव सराईला सैलानी बाबांची यात्रा भरते. तिथे ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर ताडपत्री बांधून, खाली कडबा अंथरून, पोराबाळांसह मुक्कामाला आलेली कुटुंबे कित्येक वर्षांपासून दिसतात. चूल ट्रॉलीच्या खाली आणि बिछाना ट्रॉलीच्या वर! फिरता जनरेटरही आम्हाला परका नाही. जत्रेतल्या तंबूतला सिनेमा आणि तमाशाचा फड यांच्याबरोबर तोही गावोगाव हिंडत आला आहे. पुढे २००५ च्या सुमारास भारनियमनाने कहर केला, तेव्हा बाजारपेठेतल्या प्रत्येक दुकानाच्या पायरीवर एक एक यंत्र भकभकू लागले. त्या दिवसांत मी दोन्ही प्रकार पाहिले. झेपेल त्यापेक्षा जास्त ओझे लादल्याने जळालेली यंत्रे पाहिली. आणि दोन ट्यूबलाइट व एका पंख्यासाठी भले थोरले यंत्र घेऊन पेट्रोलच्या पायी मेटाकुटीस आलेले दुकानदारही पाहिले. लहान यंत्र तारा जाळते, मोठे यंत्र पैसा जाळते, इतकाच काय तो फरक.

भावाची यादी

गेल्या चैत्रात माझा धाकटा भाऊ पुण्याहून ट्रेलर घेऊन आला. तो, माझी भावजय, दोन मुले आणि आमचे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे नाना, अशी पाच माणसे. जालना, सिंदखेडराजा करीत लोणारला तीन रात्री राहावयाचे, असा बेत होता. नानांची फार दिवसांची इच्छा होती ती. मात्र नानांना झोपेत श्वास अडण्याचा विकार आहे. रात्री नाकावर मुखवटा लावून हवेचा दाब देणारे यंत्र, ज्याला डॉक्टर मंडळी सीपॅप म्हणतात, ते त्यांना लागतेच. वीज नाही तर यंत्र नाही, आणि यंत्र नाही तर नाना घरीच! तेव्हा जनरेटरचा प्रश्न आमच्यासाठी निव्वळ चैनीचा नव्हता.

भावाने यादी पाठविली होती. दिवे, पंखे, लहान फ्रिज, मिक्सर, विजेची शेगडी, एक टनाचा एअर कंडिशनर आणि न्हाणीत तीन लिटरचा गिझर. आम्ही दोघे एका दुकानी गेलो. दुकानदाराने यादीवर ओझरती नजर टाकली आणि म्हणाला, "भाऊ, पाच केव्हीएचा घेऊन टाका ना! कायले डोक्याले ताप करून घेता?"

भाऊ पैसे काढू लागला. मी म्हटले, "थांब. आधी कागद आण."

तीन रकाने

वाचकहो, आपणही असाच एक कागद घ्या आणि त्यावर तीन रकाने आखा. पहिल्यात वस्तू चालू असताना किती वॅट खाते ते लिहा. हा आकडा वस्तूच्या पाठीवरील पट्टीवर छापलेला असतो. दुसऱ्यात ती सुरू होताना किती घेते ते, आणि तिसऱ्यात ती दिवसातून केव्हा व किती वेळ लागते ते.

दुसरा रकाना बहुतेक जण विसरतात, आणि खरी गोम तिथेच आहे. चिखलात रुतलेली बैलगाडी बाहेर काढताना बैलांना सारा जीव एकवटून जोर लावावा लागतो. एकदा चाक फिरले की तीच गाडी सहज चालते. मोटरीचे अगदी तसेच आहे. थांबलेली मोटर सुरू होताना क्षणभर चालू विजेच्या तिप्पट ते सहापट वीज ओढते. लहान फ्रिज चालू असताना १०० वॅटवर समाधानी असतो, पण त्याचा कॉम्प्रेसर उठताना ६०० वॅट मागतो. जुन्या पद्धतीचा एक टनी एअर कंडिशनर चालतो सुमारे ११०० वॅटवर, परंतु उठताना साडेतीन हजारांच्या घरात जातो. ही उसळी जनरेटरला झेपली नाही, तर व्होल्टेज कोसळते, मोटर जागच्या जागी गुरगुरते आणि तापते. अशा मोटरी मग माझ्याकडे येतात!

दिवे, मोबाइलचे चार्जर, शेगडी, इस्त्री यांना अशी उसळी नसते. मात्र ज्या वस्तू विजेपासून उष्णता काढतात, त्यांची रोजची भूकच राक्षसी असते. तो तीन लिटरचा पिटुकला गिझर दिसतो लोट्याएवढा, पण खातो ३००० वॅट! विजेची शेगडी १८०० वॅट. भावाच्या यादीतील सर्व वस्तू एकदम चालू केल्या असत्या, तर बेरीज साडेसहा हजार वॅटच्या पुढे जात होती. म्हणजे दुकानदाराचा 'मोठासा' जनरेटर मोठा असूनही अपुराच पडला असता.

यादीला कात्री

तेव्हा पहिला नियम हा की, उष्णता विजेची काढू नये. पाणी तापविणे आणि स्वयंपाक ही गॅसची कामे. पाच किलोची टाकी चार दिवसांना पुरून उरते. शेगडी आणि गिझर यादीतून गेले, तिथेच ४८०० वॅट वाचले. भावजयीने तक्रार केली नाही. उलट, "गॅसवर भाकरी तरी नीट फुगते," असे म्हणाली.

दुसरा नियम प्रदेश पाहून ठरवावा. कोकणात, दमट हवेत कूलर काही कामाचा नाही. पण आमच्या वऱ्हाडचा उन्हाळा कोरडा. इथे पाणी झटकन वाफ होते आणि हवा गार करते, म्हणून घरोघरी कूलर असतो. लहान कूलरला १८० वॅट पुरतात. एअर कंडिशनरच्या जागी कूलर येताच ती साडेतीन हजारांची उसळीही गेली.

उरलेली बेरीज अशी झाली: पाच एलईडी दिवे ४५ वॅट, दोन पंखे ६०, फ्रिज १००, कूलर १८०, बॅटरी भरणारा चार्जर २५०, मोबाइल व मुलांचा लॅपटॉप मिळून ६५. एकूण ७०० वॅट. त्यात पाच-दहा मिनिटांपुरता मिक्सरचा ५०० वॅटचा भार घातला, तर १२००. त्याच क्षणी फ्रिजचा कॉम्प्रेसर उठला, तर आणखी ५०० ची उसळी. म्हणजे अगदी वाईट वेळ आली तर १७०० वॅट.

इथे ध्यानात ठेवावयाचे ते हे की, सगळ्या मोटरी एकाच क्षणी उठत नाहीत. म्हणून सर्वांच्या उसळ्यांची बेरीज करावयाची नसते. एकत्र चालणाऱ्या वस्तूंची बेरीज करावी आणि तीत फक्त सर्वांत मोठी एक उसळी मिळवावी.

केव्हीए, घाट आणि ऊन

दुकानातील पाटीवर वॅटऐवजी केव्हीए लिहिलेले असले, तर आकडा जसाच्या तसा घेऊ नये. सावधपणे त्याला ०.८ ने गुणावे. २ केव्हीए म्हणजे १६०० वॅट धरावे. बऱ्याच यंत्रांवर दोन आकडे असतात. एक सतत चालण्याचा, दुसरा क्षणभराचा. जाहिरातीत मोठ्या अक्षरात छापलेला असतो तो बहुधा क्षणभराचा! संसार मात्र सततच्या आकड्यावर चालवावयाचा असतो.

शिवाय उंची हिशेबात धरावी लागते. आमच्या जिल्ह्याचे 'घाटाखालचे' आणि 'घाटावरचे' असे दोन भाग आहेत. खामगाव, शेगाव, मलकापूर घाटाखाली. बुलढाणा, मेहकर, लोणार घाटावर. घाटावर हवा थोडी विरळ, त्यामुळे पेट्रोल इंजिनाचा जोर घटतो. दर ३०० मीटर उंचीला साधारण साडेतीन टक्के शक्ती कमी होते. पाचशे-सहाशे मीटर उंचीला सहा-सात टक्के गेले. त्यात चाळीस अंशांच्या वरच्या उन्हाचे आणखी तीन. मिळून दहा टक्के सोडून द्यावेत, हे उत्तम.

आता आमचा हिशेब पाहा. सतत १८०० आणि क्षणभर २२०० वॅट देणारे यंत्र घाटावर, उन्हात, सुमारे १६२० आणि १९८० देणार. आमची गरज १२०० आणि १७००. म्हणजे यंत्र तीन-चतुर्थांश ताकदीवर चालणार आणि वर थोडी शिल्लक राहणार. याहून मोठे यंत्र हवे कशाला? या वर्गातले यंत्र वीस-बावीस किलोचे असते. भावाने एका हाताने उचलून ठेवले. पाच केव्हीएचे धूड उतरवावयास दोन गडी लागले असते, आणि आमच्या ७०० वॅटसाठी त्याने तासाला दुपटीहून जास्त पेट्रोल प्याले असते. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे खरे, पण पाय पाहून अंथरूण घ्यावे हेही तितकेच खरे!

ज्यांना प्रकृतीच्या कारणाने एअर कंडिशनर हवाच असेल, त्यांनी इन्व्हर्टर जातीचा घ्यावा. तो हळूहळू वेग घेतो, म्हणून त्याला मोठी उसळी नसते. तीन केव्हीएत त्यांचे काम भागेल. जुन्या जातीच्या एअर कंडिशनरला मात्र पाच केव्हीएला पर्याय नाही.

जनरेटरही दोन जातींचे असतात. साध्या जातीचे इंजिन ओझे असो वा नसो, मिनिटाला ३००० फेऱ्यांनी धावतच राहते, कारण त्याशिवाय आपल्या ५० आवर्तनांची वीज मिळत नाही. इन्व्हर्टर जातीचे यंत्र ओझ्यानुसार वेग कमी-जास्त करते, वीजही स्वच्छ देते. किंमत जास्त, पण आवाज आणि पेट्रोल दोन्ही कमी. औषधोपचाराचे यंत्र किंवा लॅपटॉप जोडावयाचा असेल, तर हीच जात घ्यावी.

रात्रीचे काय?

भावाचा खरा घोर वेगळाच होता. "दादा, तुझा हिशेब पटला. पण रात्री? नानांचे यंत्र आठ तास चालायला हवे. जनरेटर रात्रभर चालू ठेवावा लागेलच ना?"

"रात्री जनरेटर बंद," मी सांगितले. या बाबतीत मी कोणाचे ऐकत नाही.

कारण सांगतो. २०२४ च्या डिसेंबरात केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या एका कॅराव्हॅनमध्ये दोन माणसे मृतावस्थेत सापडली. जनरेटरच्या धुरातील कार्बन मोनॉक्साइड वायू आत शिरल्याने त्यांचा अंत झाला, असे तपासात निष्पन्न झाले. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूच्या दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो. जागा असलेला माणूस डोके दुखते, मळमळते म्हणून बाहेर तरी पडेल. झोपलेल्याला तेवढीही सूचना मिळत नाही. ज्या नानांच्या श्वासासाठी यंत्र चालवावयाचे, त्याच यंत्राचा धूर त्यांच्या उशाशी सोडावयाचा, याला काय म्हणावे?

म्हणून रात्रीचा सारा भार बॅटरीवर टाकला. नानांचे यंत्र ४० वॅटचे. आठ तासांचे ३२० वॅट-तास. हवेला ऊब देणारा त्यातला भाग पुष्कळ वीज खातो, तो डॉक्टरांना विचारून बंद ठेवला. दोन पंखे ६० वॅटचे, आठ तासांचे ४८०. रात्रीचा मिणमिणता दिवा ४०. बेरीज ८४०. बारा व्होल्टची, १५० अँपिअर-तासांची बॅटरी १८०० वॅट-तासांची असते. शिशाच्या बॅटरीतले निम्मेच वापरावेत म्हणजे ती टिकते. तरी ९०० मिळाले. पंखे आणि नानांचे यंत्र थेट बारा व्होल्टवर चालविले, त्यामुळे मध्ये वीज फुकट गेली नाही. फ्रिज रात्री बंद. दार उघडले नाही, तर सकाळपर्यंत आतला गारवा टिकतो. शिवाय केवळ नानांसाठी म्हणून एक लहान बॅटरी राखीव ठेवली. ज्या यंत्रावर श्वास अवलंबून आहे, त्याला एकाच तारेच्या भरवशावर ठेवू नये.

पाहा, रात्रीचा प्रश्न बॅटरीने सोडविला, म्हणूनच दिवसाचा जनरेटर लहान घेता आला.

लोणारचे तीन दिवस

मी आणि सौभाग्यवती मागोमाग आमच्या गाडीने गेलो. उल्का आदळून काळ्या पाषाणात पडलेले ते सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे विवर, आणि तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर. २०२० च्या जूनमध्ये त्याचे पाणी गुलाबी झाले, तेव्हा सारे जग त्याच्याकडे पाहू लागले. त्याच वर्षी त्याला रामसर स्थळाचा मानही मिळाला. विवराचा परिसर अभयारण्य आहे. तिथे ट्रेलर आणि जनरेटर यांना जागा नाही. म्हणून गावाबाहेर एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या परवानगीने, त्याच्या शेताच्या कडेला मुक्काम ठोकला.

जनरेटर ट्रेलरपासून चांगला वीस-पंचवीस फूट दूर, वारा ट्रेलरकडून त्याच्याकडे वाहील अशा बाजूला ठेवला. धुराचे तोंड शेताकडे केले. केबल २.५ चौरस मिलिमीटरची, जाड तांब्याची घेतली. बारीक वायर लांब टाकली, तर वाटेतच व्होल्टेज पडते आणि वायर तापते. मध्ये ३० मिलिअँपिअरचा गळती-रोधक स्विच बसविला. ट्रेलरच्या आत उशाच्या उंचीवर कार्बन मोनॉक्साइडची घंटा लावली. पेट्रोल भरावयाचे ते यंत्र बंद करून, पुरते निवल्यावरच, हे मुलांकडून पाठ करून घेतले.

सकाळी दीड तास आणि दुपारी कूलरसाठी तीन तास, एवढेच यंत्र चालले. छतावरील ३०० वॅटच्या सौर पाटीने बॅटरी भरण्याच्या कामी मदत केली. रोज अडीच लिटरच्या आसपास पेट्रोल लागले. रात्री दहा ते सकाळी सहा ही कायद्याने शांततेची वेळ. आम्ही तर दिवे लागणीलाच यंत्र बंद करीत होतो. पहाटे मोरांचा आवाज ऐकू येई. नाना विवराच्या काठावर खुर्ची टाकून बसले. खाली उतरणे त्यांना झेपण्यासारखे नव्हते, पण गोमुखाच्या धारेचे पाणी नातवाने बाटलीत भरून आणून दिले.

खरेदीला जाताना

शेवटी चार व्यवहाराच्या गोष्टी. दुकानात जाताना तीन रकान्यांचा कागद बरोबर न्यावा आणि पाटीवरचा सततचा आकडा विचारावा. आपली सर्वांत मोठी उसळी घेणारी वस्तू शक्य असल्यास बरोबर न्यावी, नाहीतर यंत्र घरी आणून लगेच तिच्यावर चालवून पाहावे. फ्रिज तीनदा चालू-बंद करावा आणि दिवा मिणमिणतो का ते बघावे. यंत्र चालू असताना वीस-पंचवीस फुटांवर उभे राहून साध्या आवाजात बोलता येते का, तेही पाहावे. दुरुस्ती आपल्याच गावी होते का, हे किंमत विचारण्याआधी विचारावे. सहलीहून परतल्यावर टाकीतले आणि कार्बोरेटरातले पेट्रोल काढून टाकावे. साचलेले पेट्रोल चिकट होते आणि पुढच्या सुट्टीला दोरी ओढून ओढून खांदा दुखतो. आणि महिन्यातून एकदा पंधरा मिनिटे, अंगणात, मोकळ्या हवेत, थोडे ओझे देऊन यंत्र चालवावे. बंद गॅरेजमध्ये मात्र एक मिनिटही नाही.